वाजवायची कवळी

आमच्या जाऊबाई कवळ्या करतात. दातांच्या. घरी कोण काय करतं असं कुणी विचारलं की मी आधी त्यांचंच सांगते. माझ्या नवऱ्याची आणि मोठ्या दिरांची नोकरी ऐकून लोक जांभया देतात, पण जाऊबाईंचं काम ऐकलं की प्रत्येकाची जीभ आपोआप स्वतःच्या दातांवरून फिरते.

दवाखाना दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. पुढच्या खोलीत त्यांची खुर्ची आणि दिवा, मागच्या खोलीत जाऊबाई. तिथं एक टेबल, गॅसची छोटी निळी ज्योत, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाच्या पोटाशी पेन्सिलीनं नाव. संध्याकाळी जाऊबाई घरी येतात तेव्हा कोपरापर्यंत पांढऱ्या असतात. बाजारात माझ्याबरोबर असल्या की हळूच म्हणतात, "तो बघ, अजून डाव्या बाजूनंच चावतोय. सांगून सांगून थकले." त्यांना माणसाचा चेहरा आठवत नाही, जबडा आठवतो.

मास्तर दवाखान्यात आले त्या दुपारीसुद्धा तसंच झालं. जाऊबाईंनी आधी त्यांना ओळखलं ते आवाजावरून.

डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "आजोबा, जेवताना त्रास होतो का?"

"जेवणाचं काय घेऊन बसलात? मऊ खाल्लं तरी माणूस जगतो. मला वाजवायला दात हवेत."

"काय वाजवायला?"

"ट्रम्पेट."

जाऊबाई हातातलं काम तसंच टाकून बाहेर आल्या. खुर्चीत एक उंच, वाळलेले म्हातारबुवा बसले होते. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, बूट चकाकणारे. आमच्या शहराच्या बँडचे हे मास्तर. त्या काळी बाग होती, बागेत गोल ओटा होता आणि रविवारी संध्याकाळी ओट्यावर बँड बसायचा. प्रत्येक वस्तीची स्वतःची एक चाल होती: पुलाची चाल, लाकूडबाजाराची चाल, गिरणीची चाल. बँड त्या वस्तीतून निघाला की तीच वाजणार. मास्तर आठवड्यातून काही दिवस शाळेतही बँड शिकवायचे, आणि जाऊबाई त्या शाळेच्या बँडमध्ये होत्या. पुढं सूतगिरणी बंद पडली, वाजवणारे कामगार पांगले, बँड मोडला. शाळेत मोठे स्पीकर आले आणि शाळेचा बँडही बंद झाला. मास्तरांचे दात पडले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

"मास्तर, मी तुमच्या बँडमध्ये होते," जाऊबाई म्हणाल्या.

"कुठल्या रांगेत?"

"छोट्या ढोलाच्या."

"चुकायचीस?"

"हो."

"मग आठवलीस."

डॉक्टरीणबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, की कवळी घालून ट्रम्पेट वाजवलेलं त्यांनी कधी पाहिलेलं नाही. फुंकर मारली की कवळी सुटणार. पण जाऊबाई मागंच लागल्या तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, तुमची हौस आहे तर बघा करून. माप मी घेते, पुढचं तुम्ही."

पहिली कवळी दिसायला अगदी झकास बसली. हसले तर मास्तर दहा वर्षांनी लहान दिसायचे. त्यांनी पेटीतून ट्रम्पेट काढलं, ओठांना लावलं, छाती भरून घेतली आणि फुंकलं. कवळी सुटली, टेबलावर आपटली, उसळून ओल्या प्लास्टरच्या भांड्यात जाऊन बसली. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांतून हसून पाणी आलं. मास्तर मात्र तोंडावर हात धरून उभे होते. जाऊबाईंनी कवळी धुऊन त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मास्तर, आवाज नाही आला, पण नेम चांगला आहे." मग मास्तरही हसले.

दुसरी कवळी टाळूला घट्ट धरून राहिली. हललीसुद्धा नाही. पण ट्रम्पेटमधून नुसता फुस्स आवाज निघाला, सायकलच्या ट्यूबमधून निघावा तसा. मास्तर पुन्हा पुन्हा फुंकत राहिले. शेवटी खाली बसले.

"दात छान आहेत गं. पण हे माझे नाहीत."

जाऊबाई त्या दिवशी घरी आल्या त्या घुम्म. मी म्हटलं, "अहो, दात आहेत की. म्हाताऱ्या माणसाला वाजवायची हौस, त्यात तुम्ही कशाला जीव टाकता?"

"अगं, त्यांचे दात होते कसे, तेच मी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना सरळ दात हवे असतात म्हणून मी सरळ लावून दिले. त्यांच्या ओठांना सवय त्या जुन्या दातांची."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांना जुने फोटो आणायला सांगितले. मास्तरांनी थैलीभर आणले. प्रत्येक फोटोत बँड होता, आणि प्रत्येक फोटोत मास्तरांच्या तोंडाला ट्रम्पेट होतं. दात एकाही फोटोत दिसेनात! आम्ही दोघी एकेक फोटो उजेडात धरून बघत होतो. शेवटी त्यांच्या मुलीच्या लग्नातला एक निघाला. तिथं त्यांच्या हातात वाद्य नव्हतं, समोर कुणीतरी विनोद केला असावा, आणि मास्तर तोंड भरून हसत होते. वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. डावा पुढं, उजवा मागं.

जाऊबाईंनी मेणात ते दोन दात तसेच एकमेकांवर चढवून बसवले. कवळी तयार होऊन मास्तरांच्या तोंडात बसली तेव्हा डॉक्टरीणबाई बघायला आल्या. "इतक्या वर्षांत वाकडा दात करून मागणारे तुम्ही पहिलेच, आजोबा." त्यांनी स्वतः आरसा धरला, तोंडात बोट घालून कुठं टोचतं का ते पाहिलं आणि बाजूला झाल्या.

मास्तरांनी ट्रम्पेट उचललं. आधी एक जाडाभरडा आवाज आला. मग तो स्वच्छ झाला. मग त्यांनी डोळे मिटले आणि गिरणीची चाल वाजवायला लागले. त्या एवढ्याशा खोलीत फळ्यांवरचे जबडे खडखडले. पुढच्या खोलीतला पेशंट तोंडातल्या कापसासकट उठून बसला. जाऊबाई मला नंतर म्हणाल्या, त्यांचं मनगट आपोआप टेबलावर ठेका धरत होतं आणि ते त्यांना चाल संपल्यावर कळलं.

घरी मोठे दीर म्हणाले, "हत्तीचे दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे. तुझ्या मास्तरांचे वाजवायचे तिसरेच!"

आता खरं तर इथं गोष्ट संपायला हवी होती. पण जाऊबाईंच्या मनात वेगळंच होतं. माझी लेक त्यांच्याच जुन्या शाळेत आहे. त्या मास्तरांना म्हणाल्या, "आता शाळेत या. पोरांना शिकवा."

मास्तरांचा चेहरा उतरला. "त्या शाळेनं मला 'उद्यापासून येऊ नका' एवढंसुद्धा सांगितलं नाही. मी आपला नेहमीसारखा गेलो, तर खोलीला कुलूप. शिपायानं सांगितलं. मी नाही येत."

जाऊबाईंनी दातांच्या कण्या केल्या. मास्तर ढिम्म. शेवटी त्या शाळेत मुख्याध्यापिकांकडे गेल्या आणि जे घडलं होतं ते सरळ सांगितलं. मुख्याध्यापिका तेव्हा त्या शाळेत नव्हत्याच, कदाचित स्वतःच कुठंतरी शिकत असतील. पण त्याच आठवड्यात त्या मास्तरांच्या घरी गेल्या. सोबत आम्ही दोघी होतो. मास्तरांच्या खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि खिडकीत वाळत घातलेला एकच सदरा. मुख्याध्यापिका खुर्चीत बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "त्या वेळी मी नव्हते, पण शाळा तीच आहे. आमचं चुकलं, मास्तर." आणि त्यांनी बँडच्या खोलीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

मास्तरांनी किल्ली उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "कुलूप गंजलं असेल. तेल घेऊन येतो."

कुलूपच काय, आत सगळंच गंजलं होतं. मोडक्या बाकांखाली वाद्यं दबलेली. ट्रम्पेटची बटणं रुतलेली, मोठ्या ढोलात उंदरांचा संसार, क्लॅरिनेटची पेटी होती पण क्लॅरिनेट नव्हतं. मास्तर एकेक वाद्य हातात घेऊन ते पूर्वी कोण कोण वाजवायचं ते नावानिशी सांगत होते. त्यांच्या जुन्या सोबत्यांना बातमी लागली. बँडमध्ये मोठा भोंगा वाजवणारे एक काका होते, आगीच्या बंबावर नोकरी केलेले. त्यांना सगळे बंबवाले काकाच म्हणायचे. ते आले, वाद्यं उकळत्या पाण्यात टाकून घासली, बटणं सोडवली आणि जाता जाता जाऊबाईंना म्हणाले, "बाई, माझेही खालचे चार गेलेत."

मग काय, दवाखान्यात म्हाताऱ्या वादकांची रांग लागली. एक क्लॅरिनेटवाले, एक बासरीवाले. एक तर नुसते गाणारे होते, त्यांना 'स' नीट म्हणता येत नव्हता. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "वहिनी, हा दवाखाना आहे की बँडचं ऑफिस?" पण कुणाला परत पाठवलं नाही त्यांनी.

शाळेत पहिल्या दिवशी पोरांची ही गर्दी. वाद्यं कमी, हात जास्त. माझी लेक ट्रम्पेट घेऊन आली आणि आमच्या घरात आवाज सुरू झाला. मला सुरातलं काही कळत नाही. मला एवढंच कळलं की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

पण गर्दी टिकली नाही. मास्तर शिकवणारे कडक. आधी तोंडानं गा, मग वाजव. चूक झाली की पहिल्यापासून. आणि शिकवायच्या त्या फक्त जुन्या चाली. पुलाची, लाकूडबाजाराची. पूल रुंद झाला, लाकूडबाजारात आता मोबाइलची दुकानं आहेत, पोरांना त्या चालींशी काय घेणंदेणं? शाळेतले तरुण गाण्याचे सर एकदा म्हणाले, "मास्तर, अधूनमधून त्यांच्या आवडीचंही एखादं घेऊ या." मास्तर म्हणाले, "ते ऐकायला त्यांच्याकडे फोन आहेत." पोरं एकेक करून गळायला लागली.

एका संध्याकाळी माझ्या लेकीनंही ट्रम्पेट खाटेखाली सरकवलं. "मोठीआई, मी नाही जाणार उद्यापासून. सारखं ओरडतात. आणि त्या चाली कुणालाच माहीत नाहीत. मैत्रिणी हसतात मला."

मला वाटलं जाऊबाई तिला समजावतील. पण त्यांनी चपला घातल्या, मला म्हणाल्या "चल", आणि तडक मास्तरांचं घर गाठलं.

मास्तर बूट पुसत होते. जाऊबाई दारातूनच सुरू झाल्या, "मास्तर, तुम्हाला चाली शिकवायच्यात की पोरांवर राग काढायचाय?"

"चाली मरतील, पोरी. मी गेलो की गेल्या."

"मरतील. पण वाजवणारं पोरच उरलं नाही तर तुमच्या डोळ्यांदेखत मरतील. माझी पुतणी आज सोडून आली. उद्या दुसरी सोडेल. मग ती चाल काय तुम्ही आणि बंबवाले काका एकमेकांना ऐकवत बसणार?"

मी जाऊबाईंचा पदर मागून ओढत होते. मोठ्या माणसाशी असं बोलतात का? मास्तर बराच वेळ बूट पुसत राहिले. त्याच जागेवर, पुन्हा पुन्हा. मग विचारलं, "काय हवंय त्यांना?"

"एक तुमचं, एक त्यांचं. आणि चुकलं की ओरडायचं नाही."

"ओरडल्याशिवाय कसं शिकवायचं?"

"मला ओरडून शिकवलंत. शिकले का मी?"

दुसऱ्या दिवशी मास्तर सरांकडे गेले आणि पोरांचं आवडतं गाणं ऐकवायला सांगितलं. तोंड वाकडं करून ऐकलं. मग म्हणाले, "मधला तुकडा बरा आहे. पुन्हा लावा." बंबवाले काकांनी तर पहिल्याच फेरीत भोंग्यावर त्याचा ठेका पकडला. माझ्या लेकीला ते मैत्रिणीकडून कळलं. मग ती स्वतःच खाटेखालून ट्रम्पेट ओढून घेऊन गेली. गळालेल्यांतली बरीच पोरं परत आली. मास्तरांना न ओरडायची सवय लागायला वेळ लागला. राग आला की ते खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभे राहायचे. पोरांनी त्या खिडकीला 'रागाची खिडकी' असं नाव ठेवलं.

क्रीडादिनाला बँडनं शाळेपासून मैदानापर्यंत वाजवत जायचं ठरलं. वाटेत जुन्या गिरणीची गल्ली, म्हणून गिरणीची चाल. आणि नेमकं त्याच्या आधी मास्तरांचं पोट दुखायला लागलं. हर्निया. ऑपरेशन झालं, सुखरूप झालं, पण डॉक्टरांनी बजावलं: फुंकायचं नाही. निदान काही महिने, आणि पुढंही बेतानंच.

आम्ही इस्पितळात भेटायला गेलो तर मास्तर छताकडे बघत पडले होते. "तोंड मिळालं तर पोट गेलं," म्हणाले. मग माझी लेक म्हणाली, "तुमचा भाग मी वाजवू का? मला येतो." आणि तिथंच, हळू आवाजात, तिनं गाऊन दाखवला. शेजारच्या खाटेवरचा पेशंट कुशीवर वळून ऐकायला लागला. मास्तरांनी फक्त एका जागी बोट वर केलं, तिनं ती जागा पुन्हा म्हटली, आणि त्यांनी मान हलवली.

क्रीडादिनाच्या दिवशी ढोलाच्या रांगेत एक मुलगा आजारी म्हणून कमी पडला. जाऊबाईंनी सरळ तो छोटा ढोल गळ्यात अडकवला आणि रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या. मोठे दीर म्हणाले, "आता बायको रस्त्यानं ढोल बडवत जाणार, मी काय करू?"

"तुम्ही रस्ता मोकळा करा."

आणि दिरांनी खरंच हात आडवे करून गाड्या थांबवल्या. मास्तर बंबवाले काकांच्या मुलाच्या गाडीतून हळूहळू मागं येत होते, काच खाली करून. माझ्या लेकीचा सूर सुरुवातीला एकदा फाटला. पण ती थांबली नाही. गिरणीच्या गल्लीत चाल सुरू झाली. दोन्ही बाजूंना कामगारांच्या जुन्या दुमजली खोल्या, लोक दारात येऊन उभे राहिलेले.

आणि वरच्या गॅलरीतून गाण्याचा आवाज आला.

कठड्याला धरून एक म्हातारी उभी होती. पाठीत वाकलेली, पण आवाज खणखणीत. बँडच्या चालीवर ती गात होती:

"मुकादमाच्या मिशीला पीळ गं, सुताला नाही पीळ,
तुटलं सूत तर आमच्या माथी, तुटली मिशी तर मिळव नि पीळ!"

पोरं चकित होऊन अडखळली. ट्रम्पेटं बंद पडली. जाऊबाईंनी मात्र ढोल सोडला नाही. ठेका चालू ठेवला, डोळ्यांनी पोरांना खुणावलं, आणि रांग जागच्या जागी पाय आपटत उभी राहिली. म्हातारीनं दुसरं कडवं म्हटलं. समोरच्या खोलीतून दुसऱ्या एका बाईनं तिला साथ दिली. माझ्या लेकीनं पुन्हा ट्रम्पेट उचललं आणि गाण्याच्या मागोमाग वाजवायला लागली. गल्ली हसत होती.

चाल संपली तेव्हा मास्तर गाडीतून उतरून खाली उभे होते. पोटावर हात, मान वर.

"बाई, मी उभा जन्म ही चाल वाजवली. हिला शब्द आहेत?"

"तुम्ही पुढं वाजवत जायचात, पाळी सुटली की आम्ही मागं गात यायचो," म्हातारी वरून म्हणाली. "मुकादमाला नुसती चाल ऐकू यायची. मान डोलवायचा मेला!"

मास्तर इतके हसले की जाऊबाई ओरडल्या, "मास्तर, टाके!"

त्या म्हातारीला जाऊबाई पुढच्याच शनिवारी शाळेत घेऊन आल्या. मुख्याध्यापिका पहिलं कडवं ऐकून टाळ्या वाजवत होत्या, तिसऱ्याला त्यांचे कान लाल झाले, चौथं त्यांनी "हे मोठ्या वर्गासाठी ठेवू" म्हणून थांबवलं. सरांनी सगळं मोबाइलवर टिपून घेतलं. मास्तर आता वाजवत नाहीत, खुर्चीत बसून हातानं ताल दाखवतात. कवळी मात्र रोज घालून येतात. लाकूडबाजाराजवळच्या शाळेनंही त्यांना बोलावलंय, आणि तिथं त्यांच्याऐवजी बंबवाले काका जातात. जाऊबाईंनी ढोल काही परत केला नाही.

काल शाळेत गेले होते तर म्हातारी आपल्याबरोबर गिरणीतल्या आणखी दोन मैत्रिणी घेऊन आली होती. पुलाच्या चालीलाही शब्द आहेत म्हणे, पण दुसऱ्या ओळीत नवरा बुडतो की नवऱ्याची टोपी, यावरून तिघींचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. पोरं वाद्यं मांडीवर घेऊन ऐकत होती, आणि मुख्याध्यापिका स्वतः शेजारच्या वर्गातून खुर्च्या उचलून आणत होत्या.